ऊन आणि वारा यांच्या वेळांचा मेळ

सौर पॅनेलची वीज सूर्यास्ताबरोबर संपते आणि वारा पडला की पवनचक्की थांबते. असे दोन बेभरवशाचे स्रोत जोडून भरवशाचा पुरवठा कसा मिळेल, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दोन्ही स्रोतांची बेरीज किती होते यात नसून, ते एकाच वेळी कमी पडतात की वेगवेगळ्या वेळी, यात आहे.

समजा, दोन स्रोतांचे सरासरी उत्पादन आणि त्यातील चढउतार सारखेच आहेत आणि एकाच्या चढउतारांचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही. सगळी क्षमता एकाच स्रोताची न ठेवता निम्मी निम्मी वाटली, तर सरासरी उत्पादन तेवढेच राहते, पण चढउतार मूळच्या सुमारे 71 टक्क्यांवर येतात. एक मंदावत असताना दुसरा जोर धरत असेल, तर ते आणखी घटतात. दोघेही एकदमच मंदावत असतील, तर मात्र त्यांना एकत्र आणण्यात फारसे हशील नाही.

निसर्गात हा मेळ पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि त्यामागचे कारण मोठे विलक्षण आहे. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते आणि खालचे-वरचे थर सतत घुसळले जातात. त्यामुळे झाडे, टेकड्या आणि इमारती यांच्याशी होणाऱ्या घर्षणाचा परिणाम वरच्या हवेलाही जाणवतो. सूर्यास्तानंतर जमीन थंड होते, तिच्यालगत गार आणि जड हवेचा स्थिर थर साचतो, घुसळण थांबते, आणि त्या थराच्या वरचा वारा घर्षणाच्या जाचातून सुटून वेगाने वाहू लागतो. म्हणूनच अनेक सपाट प्रदेशांत रात्री जमिनीवर झाडाचे पानही हलत नसताना, 100 मीटरहून उंच मनोऱ्यावरची पाती जोमाने फिरत असतात. वाऱ्याचे अंदाज जमिनीवरच्या अनुभवावरून बांधू नयेत, ते यासाठीच. ऋतूंचाही असाच मेळ असतो. समशीतोष्ण प्रदेशांत हिवाळ्यात ऊन क्षीण होते, पण विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानांतील तफावत वाढल्यामुळे वारे जोरकस होतात. हा नियम सार्वत्रिक मात्र नाही; किनाऱ्यालगत समुद्रावरून येणारा वारा दुपारी, म्हणजे ऊन भरात असतानाच, जोर धरतो.

त्यातच वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्क्यांनी घटला की ही ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. सेकंदाला 3 ते 4 मीटरपेक्षा मंद वाऱ्यात बहुतेक पवनचक्क्या वीज देत नाहीत, तर सुमारे 25 मीटरच्या पुढे अनेक पवनचक्क्या सुरक्षिततेसाठी थांबवाव्या लागतात. म्हणून वार्षिक सरासरी वेग पाहून प्रकल्प आखणे मला धोक्याचे वाटते. वाऱ्याच्या आणि उन्हाच्या अनेक वर्षांच्या तासागणिक नोंदी विजेच्या मागणीशेजारी मांडून, मागणी पुरी न होणारे तास किती उरतात, हे आधी मोजले पाहिजे. वर्षाकाठी सर्वाधिक युनिट देणारे वारा आणि ऊन यांचे प्रमाण आणि असे तास कमीत कमी ठेवणारे प्रमाण एकच असेल असे नाही; भरवसा हवा असेल, तर असे तास कमी ठेवणारेच निवडावे.

एकत्र उभारणीचा आणखी एक लाभ वीजवाहिनीवर दिसतो. पवनचक्क्या वर्षातील थोडेच तास पूर्ण क्षमतेने चालतात, म्हणून त्यांच्यासाठी बांधलेली वाहिनी आणि उपकेंद्र एरवी अंशतः रिकामे राहतात. सौर वीज ती रिकामी जागा भरते. दोन्ही एकदम भरात आल्यावर थोडी वीज सोडून द्यावी लागते, पण दुसरी वाहिनी बांधण्यापेक्षा हा तोटा बहुधा परवडतो.

तरीही हा मेळ कधीकधी साफ तुटतो. हिवाळ्यातील ढगाळ आणि निर्वात दिवसांसाठी जर्मन भाषेत ‘डुंकेलफ्लाउटे’ असा शब्दच आहे. त्याचा अर्थ काळोखी निर्वात अवस्था. ती काही दिवस टिकू शकते आणि मोठा प्रदेश व्यापू शकते. काही तासांची तूट बॅटरी सहज भरून काढते, परंतु दिवसांच्या तुटीसाठी दूरच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्या, उंचावरील जलाशयात साठवलेले पाणी किंवा राखीव जनित्रे लागतात. वारा आणि ऊन जोडल्याने साठवणुकीची गरज घटते, पण पूर्णपणे संपत नाही.

ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्या दरम्यान असलेल्या किंग बेटाची स्वतंत्र वीजव्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तेथे पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटरी, डिझेल जनित्रे आणि एक जड फिरते चक्र एकत्र काम करतात. वाऱ्याच्या एखाद्या झोताने किंवा ढगाने उत्पादन क्षणार्धात बदलले, तरी हे चक्र आपल्या गतीतील ऊर्जा देऊन किंवा जादा ऊर्जा घेऊन विजेची वारंवारता सांभाळते. त्यामुळे पुरेसा वारा आणि ऊन असताना बेटावरची डिझेल इंजिने सलग कित्येक तास पूर्ण बंद ठेवता येतात, आणि दोन्ही ओसरू लागले की ती पुन्हा सुरू होतात.