पत्रा फोडून अ‍ॅस्बेस्टॉस ओळखता येत नाही

सिमेंटच्या पत्र्याचा कोपरा तोडायचा, आत तंतू दिसले किंवा तो आगीत जळला नाही की समजायचं अ‍ॅस्बेस्टॉस (सिमेंटमध्ये मिसळला जाणारा खनिज तंतू), हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चुकीचा तर आहेच, वर घातकही. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेल्या पत्र्यातही दुसरे तंतू असतात, आणि सिमेंट कुठलंच पेट घेत नाही. उलट तोडताना उडणारी धूळच फुप्फुसात जाते. तिच्यामुळे होणारा कर्करोग कित्येकदा २०-३० वर्षांनी दिसतो.

‘घर नवं, मग काळजी नाही’ हेही इथे चालत नाही. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली, तिथे बांधकामाच्या सालावरून अंदाज बांधता येतो. भारतात क्रिसोटाइल (पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस) घातलेल्या पत्र्यांवर तशी बंदी नाही. म्हणून पत्र्यावरचा छाप किंवा जुनं बिल शोधा: ‘आयएस ४५९’ हे भारतीय मानक अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांचंच. छाप नसेल (बहुधा पुसलेलाच असतो), तर जाणकाराकडून ओला करून नमुना काढून घ्यावा आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. तोवर ड्रिल मारू नका, शेवाळ काढायला तारेचा ब्रश तर नकोच. अखंड पत्रा घाईने उतरवायची मात्र गरज नाही.