पाणपोई

पाणपोई म्हणजे वाटसरूंना, त्यांची ओळखपाळख न विचारता, पिण्याचे पाणी फुकट देण्यासाठी केलेली सोय. संस्कृत ग्रंथांत आणि कोरीव लेखांत तिला प्रपा म्हटले आहे. मुंबईत व विदर्भात प्याऊ हे नावही चालते.

महाराष्ट्रात पाणपोई साधारणतः गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडला की उठते. वडापिंपळाची सावली, एसटीचा थांबा किंवा आठवडी बाजाराची वाट पाहून जागा ठरते. तट्ट्यांचा आडोसा करून ओल्या वाळूवर रांजण बसवतात, त्यांना भिजवलेले तांबडे कापड गुंडाळतात आणि कोठे कोठे पाण्यात वाळ्याची जुडी सोडतात. रांजणाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ते जितके गार होते तितके कोकणच्या दमट हवेत होत नाही. पाणी देणारा तांब्याने किंवा ओगराळ्याने वरून धार धरतो आणि पिणारा ओणवा होऊन ओंजळीने पितो.

ही प्रथा जुनी आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसांसाठी व जनावरांसाठी ठिकठिकाणी पाणपोया घातल्याचा उल्लेख आहे. शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यातल्या लेखात, त्याने तापी, दमण, डहाणुका इत्यादी नद्यांवर पैलतीरी नेणाऱ्या फुकट नावा चालवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा (विसाव्याची सभागृहे) व प्रपा बांधल्या, असे नोंदले आहे.

मात्र ओळख न विचारण्याचा हा नियम सर्वांना सारखा लागू नव्हता. वरून धरलेली धार स्वच्छतेसाठी सोयीची खरी, पण भांड्याला शिवू न देण्याचा तो राजमार्गही होता. अस्पृश्य मानलेल्यांना पाणी लांबून वाढले जाई किंवा नाकारले जाई, आणि रेल्वे स्थानकांवर हिंदू व मुसलमानांचे पाणी वेगळे असे. जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला, तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. पाणपोईचा इतिहास केवळ दातृत्वाचा म्हणून सांगणे त्यामुळे अपुरे ठरते.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत व्यापाऱ्यांनी दगडी प्याऊ बांधले. भात बाजारातील केशवजी नाईक यांचा 1876 चा प्याऊ त्यांपैकी प्रसिद्ध आहे. अशा अनेक प्याऊंना गाडीच्या बैलाघोड्यांसाठी खाली कुंड्या असत.

पाणपोई घालणे सोपे, चालवणे कठीण. रांजण रोज घासून भरावे लागतात, पाणी गाळून घ्यावे लागते, आणि ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तेथे हे ओझे मोठे असते. एखाद्या आप्ताच्या स्मरणार्थ घातलेल्या पाणपोया बहुधा टिकतात, कारण भरणारा माणूस घरचा असतो. ज्या पाणपोईवरचा फलक रांजणापेक्षा मोठा असतो ती उद्‌घाटनानंतर कोरडी पडलेली आढळणे नवलाचे नाही. बाटलीबंद पाण्यामुळे शहरांत गरज घटल्यासारखी दिसते, परंतु हमाल, रिक्षावाले, फेरीवाले आणि बांधकामावरचे मजूर यांना दिवसभर पाणी विकत घेणे परवडत नाही. त्यामुळे दुकानदार आजही पायरीपाशी माठ किंवा पाण्याचा जार ठेवतात, आणि पेला चोरीला जाऊ नये म्हणून त्याला साखळी लावतात.