त्वचेचे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शन

त्वचेचा तुकडा न काढता तिच्यातील पेशी लेसरच्या परावर्तित प्रकाशात जिथल्या तिथे पाहण्याची तपासणी. बायॉप्सीला पर्याय म्हणून ती ओळखली जाते, पण 830 नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश 200 ते 250 मायक्रॉनपलीकडचे स्पष्ट दाखवत नाही. त्यामुळे बाह्यत्वचा आणि तिच्या लगतची अंतस्त्वचा एवढ्यापुरताच हा पर्याय खरा.

लेसर एका बिंदूवर केंद्रित होतो आणि परतणारा प्रकाश सूक्ष्मछिद्रातून जातो. वरखालच्या थरांतला प्रकाश तिथेच अडतो. ही मांडणी अमेरिकन शास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्की यांची (पेटंट अर्ज 1957). मानवी त्वचेत मेलॅनिन (त्वचेला रंग देणारे द्रव्य) हेच नैसर्गिक रंजकाचे, म्हणजे पेशी उठून दाखवणाऱ्या रंगाचे, काम करते, हे मिलिंद राजाध्यक्ष व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये बोस्टनहून प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवले. मेलॅनिनचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचे माप) सुमारे 1.7, भोवतालच्या पेशींचा 1.34 च्या आसपास. म्हणून मेलॅनिन पांढरे चमकते आणि पेशीकेंद्रके काळी दिसतात.

आधी डर्मोस्कोपीने (त्वचा भिंगातून मोठी करून पाहण्याच्या पद्धतीने) डागाचा फोटो घेतात. मग तेलाचा थेंब टाकून धातूच्या कड्याला लावलेली प्लॅस्टिकची खिडकी त्वचेवर चिकटवतात. खिडकी आणि 30 पट भिंगामध्ये सोनोग्राफीची जेल भरतात. अर्ध्या मिलिमीटरच्या 16×16 चौकटी जोडून 8 मिमी. बाजूचे चित्र तयार होते. असे तीनचार पातळ्यांवर करायला दहापंधरा मिनिटे लागतात. तेलात किंवा जेलमध्ये बुडबुडा राहिला की तेवढा भाग वाया जातो. छातीवरच्या डागात श्वासामुळे चौकटींचे सांधे सरकतात. नाकपुडीच्या घडीत कडे सपाट बसत नाही, तिथे हातात धरायचे लहान तोंडाचे यंत्र वापरतात. तळहात-तळपायांच्या जाड कातडीत प्रकाश वरच विखुरतो.

वाचन सवयीचे काम आहे: काप उभा नसून आडवा असतो आणि रंग फक्त करडा. निरोगी बाह्यत्वचा मधाच्या पोळ्यासारखी दिसते. तिच्या वरच्या थरांत गोल, चमकदार पेशी विखुरलेल्या दिसल्या तर मेलॅनोमाचा (रंगपेशींच्या कर्करोगाचा) संशय येतो. पण लँगरहान्स पेशीही (त्वचेतल्या रोगप्रतिकारक पेशी) चमकतात आणि नवशिक्यांची फसगत बहुधा इथेच होते. बेसल सेल कार्सिनोमात (त्वचेच्या आणखी एका कर्करोगात) पेशींची बेटे आणि त्यांच्याभोवती काळी फट दिसते.

मेलॅनोमाची जाडी यात मोजता येत नाही, आणि शस्त्रक्रियेचा आवाका तर जाडीवरच ठरतो. म्हणून संशय पक्का झाला की डाग काढून पॅथॉलॉजीकडे पाठवावाच लागतो. खरा उपयोग त्याच्या अलीकडचा: कोणता तीळ काढायची गरज नाही, मोठ्या डागात पंच (बायॉप्सीसाठी लहान गोल तुकडा कापणारे हत्यार) नेमका कुठे मारायचा, आणि चेहऱ्यावरच्या लेंटिगो मॅलिग्नाची (मेलॅनोमाचा अगदी वरच्या थरातला प्रकार) कड कुठवर गेली आहे, हे ठरवण्याचा.