मेटल डिटेक्टर घेतलाय? मग परवानगी कोणाची, नोटीस कोणाला

नाणी जमवणाऱ्या आमच्या मंडळात नाकारलेला अर्ज हातात घेऊन येणारे आता नेहमीचे झालेत. डिटेक्टर नवा कोरा असतो, दांड्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं, आणि अर्जाचा विषय बहुतेक वेळा तोच: ‘गडावर छंद म्हणून मेटल डिटेक्टर चालविण्यास परवानगी मिळणेबाबत’. उत्तर एका ओळीचं येतं, ‘आपली विनंती मान्य करता येत नाही.’ का येत नाही, मग काय करायचं, हे त्यात नसतं. आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या माणसाचे तीन-चार महिने वाचले असते. त्या दोन ओळी नाहीत, म्हणून हा लेख.

आधी मूळ गोष्ट. आपल्याकडे छंद म्हणून डिटेक्टर चालवण्याचा असा वेगळा परवानाच नाही. त्यासाठी ठरलेला नमुना नाही, फी नाही. कोणी ‘लायसन्स काढून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. पण परवाना नाही याचा अर्थ कुठेही चालवा असाही नाही. तुम्हाला दोनच कागद नीट करायचे आहेत: शोध सुरू करण्याआधी जमीनमालकाची लेखी संमती, आणि काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना नोटीस. लोक नेमके हेच दोन सोडून बाकी सगळे अर्ज करतात.

गड-किल्ले: इथे अर्ज करूच नका

रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग ही केंद्राच्या संरक्षणाखालची स्मारकं आहेत, तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा शब्द चालतो. राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. दोन्हीकडे उत्खननाची परवानगी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना मिळते, त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं असतात, खणलेल्या प्रत्येक थराची नोंद होते, शेवटी अहवाल द्यावा लागतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इनामगावला वर्षानुवर्षं काम केलं ते असं. तुम्ही-आम्ही या पात्रतेत बसत नाही. अर्ज कितीही नम्रपणे लिहिला तरी बसत नाही.

इथे एक गैरसमज हमखास होतो. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात कलम १९ मध्ये संरक्षित क्षेत्रातल्या शेतीसाठी एक फूट खोलीपर्यंतची सवलत आहे. कोणीतरी ती वाचतो आणि ‘एक फुटापर्यंत खणायला हरकत नाही’ असं सांगत सुटतो. ती सवलत फक्त मशागतीसाठी आहे. नांगर चालवणाऱ्याला आहे, नाणं शोधणाऱ्याला नाही. संरक्षित क्षेत्रात जमीन खुद्द मालकाची असली तरी त्याला मनाने खोदकाम करता येत नाही. आणि स्मारकाची नासधूस झाली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२०२५ च्या मार्चमध्ये आपल्या सीमेलगत बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन सोनं शोधायला लोटले होते. शेतात खड्डेच खड्डे झाले. ज्याचं शेत होतं त्याचं नुकसान झालंच, पण त्या मातीत कुठल्या थरात काय होतं ही माहितीही गेली, आणि ती पुन्हा मिळत नाही. तेव्हा गड, लेणी, जुनी देवळं, पांढरीची (जुन्या वस्तीची) टेकाडं यांच्यापासून लांबच राहा. स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. हे नियम मुख्यतः बांधकाम आणि खाणकामासाठी आहेत, पण मी सगळ्यांना ही ३०० मीटरची रेघच पाळायला सांगतो.

गायरान, नदीपात्र, समुद्रकिनारा ही सरकारी जमीन, आणि जंगल वन खात्याचं. सरपंचाने लेटरहेडवर लिहून दिलं तरी ती खोदायची परवानगी होत नाही. असं पत्र घेऊन आलेले बरेच जण मी पाहिलेत, प्रामाणिक माणसं होती, सगळ्यांना परत जावं लागलं.

सातबारा: खरं अडतं ते इथे

मग उरते खाजगी शेतजमीन. स्वतःची असेल तर उत्तम, नसेल तर मालकाची लेखी संमती. ऐकायला सोपं आहे, पण मालक कोण हे सातबारा उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावरही पुष्कळदा कळत नाही.

एक मुलगा आला होता. मित्राच्या शेतात शोधायचं म्हणून मित्राची सही घेतलेला कागद त्याच्याकडे होता. सातबारा काढला तर त्यावर मित्राच्या आजोबांचं नाव. आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली, वारस नोंद केलेलीच नाही. मागे वडील, दोन काका आणि एक आत्या. म्हणजे ज्याने सही दिली त्याचं नावच कुठे नाही, आणि ज्यांच्या सह्या हव्यात त्यांतली आत्या सासरी, तिला कोणी विचारलेलंही नाही. त्याच शेतात उद्या चार चांदीची नाणी निघाली असती तर पहिली तक्रार तिच्या घरातून आली असती, आणि ती रास्तच असती.

म्हणून क्रम असा ठेवा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, आधी तो काढा. त्यावर जेवढे खातेदार तेवढ्यांच्या सह्या घ्या. मयताचं नाव असेल तर सगळे वारस, बहिणी धरून. वारस नोंद होईपर्यंत थांबता आलं तर थांबाच. शेत वाट्याने दिलेलं असेल तर कसणाऱ्याचीही सही घ्या, तुम्ही शिरणार आहात ते तो कसत असलेल्या रानात. आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, देवस्थान, कूळ, बोजा, सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

संमतीपत्र साध्या कागदावर चालेल. गट क्रमांक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, खड्डे बुजवून देण्याची हमी, दोन साक्षीदार. आणि एक वाक्य, जे लोक संकोचापायी टाळतात: काही सापडल्यास वाटणी कशी. वस्तू बेवारस ठरली, जमीनमालकाने हक्क सांगितला आणि तसा करार नसला, तर कायद्याने तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला जातं. शेतकऱ्याला हे नंतर कळलं की मैत्री तुटते. आधीच बोला, अर्धं-अर्धं ठरवा, लिहा.

यंत्राबद्दल थोडक्यात. दख्खनच्या काळ्या बेसाल्टात आणि कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे नवा डिटेक्टर उगाच कुरकुरत राहतो. जमिनीशी जुळवणी, म्हणजे ग्राउंड बॅलन्स, आधी शिका. पहिले काही आठवडे खिळे, बैलाच्या पत्र्या, बाटल्यांची बुचं हेच निघेल. पेरणीआधी, कापणीनंतरच जा. आणि तोफगोळा किंवा बॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता मागे सरा आणि ११२ ला फोन करा.

सापडलं: आता घाई करा

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. निखात निधी म्हणजे मातीत किंवा मातीला जोडलेल्या कशातही दडलेली, कसलीही किंमत असलेली वस्तू. सोन्याचा हंडाच लागतो असं नाही. नोटिशीची मर्यादा दहा रुपये आहे, १८७८ चे दहा रुपये, ती आजही तीच. म्हणजे शेतात मिळालेली एक बरी शिवराईसुद्धा, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, त्यात येते.

सगळ्यांत जास्त माणसं अडकतात ती मुदतीत. ‘चार महिने असतात ना’ असं मला किती जणांनी सांगितलं असेल. ते चार महिने तुमचे नाहीत. तुमची नोटीस मिळाल्यावर जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात, आणि ती प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नाही व सहा महिन्यांच्या पुढे नाही अशा दिवशी चौकशी ठेवतात. तो काळ दावेदारांसाठी असतो. तुमच्यासाठी कलम ४ मध्ये ‘व्यवहार्य असेल तितक्या लवकर’ एवढंच आहे. मी दुसऱ्याच दिवशी जायला सांगतो.

दुसरी चूक पत्त्याची. अर्ज तलाठ्याला दिला, पोलीस पाटलाला दाखवला, तहसीलच्या टेबलावर ठेवला, यांतलं काहीही नोटीस ठरेल असं धरून चालू नका. कायद्यात नाव जिल्हाधिकाऱ्यांचं आहे. त्यांच्याच नावे लिहा, आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. ‘इथे असलं काही घेत नाही’ असं खिडकीवर ऐकायला मिळतं. वाद घालत बसू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. खिडकीवरच्या माणसाने हा कायदा पाहिलेला नसतो, पण त्याची शिक्षा तुम्हाला का म्हणून?

मजकूर छोटा हवा. ‘दि. … रोजी मौजे …, ता. … येथील गट क्र. … मध्ये, विहिरीच्या पूर्वेस सुमारे वीस पावलांवर, वीतभर खोलीवर तांब्याची ११ नाणी मिळाली. एकूण वजन … ग्रॅम, अंदाजे किंमत रु. …’ काय, किती, कुठे, केव्हा, एवढंच कायदा मागतो. शेवटी लिहा की वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करण्यास, किंवा मागाल तेव्हा हजर करण्याचं तारण देण्यास तयार आहे. जमा किंवा तारण यांतलं एक कायद्याने करावंच लागतं, म्हणून हे शेवटचं वाक्य सोडू नका. सोबत सातबारा, संमतीपत्र, ओळखपत्राची प्रत आणि फोटो जोडा. फोटो मातीसकट, शेजारी मोजपट्टी ठेवून.

मातीसकट म्हणजे मातीसकटच. एकाने अकरा शिवराया चिंच-मीठ लावून घासून आणल्या होत्या. लखलखत होत्या, आणि ‘श्री राजा शिव’ मधला ‘शिव’ एकीवरही वाचता येत नव्हता. ओळख लपावी म्हणून वस्तू बदलणं हा या कायद्यात गुन्हाच आहे. सोनाराकडे आटवणं तर सरळ त्यात येतं. नोटीस न देणं, जमा किंवा तारण न देणं किंवा अशी ओळख पुसणं यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय तुमचा वाटा सरकारजमा. ऑनलाइन विकायलाही टाकू नका, शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो, आणि ती परदेशी पाठवायला तुम्हाला मनाई आहे.

चौकशीच्या दिवशी जमीनमालकाला सोबत न्या. तो हजर राहिला नाही तर त्याचा हक्क जातो, आणि शेतकऱ्याला ही तारीख कोणी कळवलेलीच नसते. वस्तू गेल्या शंभर वर्षांत पुरलेली आहे आणि पुरणाऱ्याचा वारस पुढे आलाय असं दिसलं, तर दिवाणी दाव्यासाठी वेळ दिला जातो. नाहीतर बेवारस म्हणून जाहीर होते आणि वाटणी होते. सरकारला ती हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेता येते, नाण्याचा बाजारभाव त्यात धरत नाहीत. हे कळल्यावर हिरमुसलेले चेहरे मी पाहिलेत, म्हणून आधीच सांगतो.

बेवारस ठरवल्याचं मान्य नसेल तर अपिलाला दोन महिने आहेत. ते जाहीर केल्याच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हातात नक्कल पडल्यापासून नाही. नक्कल मिळायलाच काही आठवडे जातात. तेव्हा निर्णय ऐकून बाहेर पडताना, त्याच दिवशी, प्रमाणित नकलेचा अर्ज देऊन मगच एसटी पकडा.