डिजिटल दस्तऐवजावरील हातची सही

पेनाने केलेल्या सहीचे चित्र तयार करून ते पीडीएफ, वर्ड फाइल किंवा ईमेलमध्ये बसवण्याची पद्धत. बोलताना हिला ‘स्कॅन केलेली सही’ म्हणतात. बरेच जण ‘डिजिटल सही’ही म्हणतात, पण ती वेगळीच गोष्ट आहे आणि या गल्लतीतून खरे नुकसान होते.

‘सही’ हा शब्द मुळात अरबी. अर्थ ‘बरोबर, खरे’. जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणारा माणूस आपल्या कामाची खूण काढत असे. पाटलाच्या नावाशी ‘निशाणी नांगर’ आढळते ती अशी. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा, म्हणजे मोर्तब, उमटवलेली असे. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, हे तिचे काम. निशाणी माणूस सांगते, मोर्तब मजकूर राखते. सहीचे चित्र ही नुसती निशाणी असते.

चित्र करण्याची रीत सोपी आहे. रेघा नसलेल्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, नेहमीपेक्षा थोडी मोठी सही करावी. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, मोबाइलची सावली पडू न देता सरळ वरून फोटो घ्यावा आणि कडेचा कागद कापून टाकावा. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात : पार्श्वभूमी काढून चित्र पीएनजी स्वरूपात साठवणे. जेपीजी चित्राला पांढरा चौकोन चिकटून येतो आणि सहीखालची रेघ, छापलेले नाव, कधी तारीखही त्याखाली झाकली जाते. पीएनजीत फक्त शाई उरते. अॅक्रोबॅट रीडर, मॅकवरचे प्रिव्ह्यू किंवा आयफोनचे मार्कअप यांत बोटाने थेट सही काढता येते. मात्र बोटाची सही अनेकदा ओळखू न येण्याइतकी बदलते. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात सहीचे चित्र 140 × 60 पिक्सेल आणि 10 ते 20 केबी मागतात; कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही.

ईमेलसाठी हेच चित्र जीमेल किंवा आउटलुकच्या सेटिंगमधील ‘सिग्नेचर’च्या चौकटीत टाकतात. काही ठिकाणी चित्रे आपोआप उघडत नाहीत, म्हणून खाली नाव व हुद्दा टाइप केलेला असावा.

कायद्यात या चित्राचे बळ देशागणिक बदलते. अमेरिकेच्या 2000 सालच्या ई-साइन कायद्यात सही करण्याच्या हेतूने वापरलेले चिन्हही इलेक्ट्रॉनिक सही ठरू शकते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याने मान्यता दिली ती परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्रावर चालणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीला. आधारवर आधारित ई-साइन, म्हणजे आधारने ओळख पटवून ऑनलाइन करायची सही, नंतर आले. चित्र लावलेला करार तेवढ्याने रद्दबातल होत नाही, पण वाद झाल्यास संमती ईमेल, व्यवहार, साक्षी अशा इतर पुराव्यांनी दाखवावी लागते. चित्र कोणालाही उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवता येते. म्हणून सहीची मोकळी पीएनजी फाइल दुसऱ्याला पाठवू नये. पाठवायचाच तर सही बसवलेला पूर्ण दस्तऐवज पीडीएफ करून पाठवावा.

डिजिटल स्वाक्षरी ही खरी मोर्तब. संगणक मजकुराचा गणिती ठसा काढतो आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद करतो. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. महाराष्ट्रातला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा असाच असतो, त्यावर तलाठ्याच्या पेनाची सही लागत नाही. पीडीएफवर दिसणारी हिरवी खूण म्हणजे ही तपासणी पार पडल्याची नोंद. पानाची प्रिंट काढली की ती तपासणी कागदावर येत नाही, खूण तेवढी छापली जाते.

मृत्युपत्र मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या कागदावरच लागतात. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो.