एन्ड्युरन्स रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय? परवाना, वर्गीकरण आणि कागदपत्रांची संपूर्ण माहिती

एन्ड्युरन्स रेसिंगमध्ये, म्हणजे सहा, बारा किंवा चोवीस तासांच्या शर्यतीत, एकाच गाडीवर दोन, तीन, कधी चार ड्रायव्हर आळीपाळीने बसतात. या खेळात उतरू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असतो: फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीसाठी अर्ज कुठे करायचा? ड्रायव्हरने तसा अर्ज करायचाच नसतो. प्रवेशिका टीम भरते. १९२३ पासून ही शर्यत भरवणाऱ्या एसीओ या संस्थेची निवड समिती त्यांतून गाड्या निवडते. अलीकडच्या वर्षांत तिथे ६२ गाड्यांना जागा मिळते. काही जागा युरोपियन आणि आशियाई ल माँ मालिकांतल्या विजेत्या टीमसाठी राखलेल्या असतात, म्हणून या मालिकांत चांगली टीम मिळवणं हाच तिथला खरा रस्ता.

ड्रायव्हरने स्वतःच्या नावाने करायचे अर्ज वेगळे आहेत. वैद्यकीय तपासणी, स्पर्धा परवाना, एफआयएचं (मोटार शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेचं) ड्रायव्हर वर्गीकरण आणि मग त्या-त्या सर्किटची किंवा शर्यतीची खास पात्रता. यांतला वर्गीकरणाचा अर्ज लोक सर्वांत घाईने भरतात आणि पुढच्या करिअरवर सर्वांत खोल परिणाम त्याचाच होतो. त्यामुळे या लेखात त्याला जास्त जागा दिली आहे.

आधी डॉक्टर

परवान्याच्या अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावंच लागतं, आणि अडलं तर काम इथेच महिनोन् महिने अडतं. म्हणून सुरुवात इथून करावी. नियम एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेच्या परिशिष्ट ‘एल’मध्ये आहेत आणि तपासणी राष्ट्रीय संस्थेने मान्य केलेल्या डॉक्टरकडूनच व्हावी लागते. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालेल असं गृहीत धरू नका.

तपासणीत दृष्टीला फार महत्त्व असतं. चष्मा किंवा लेन्स लावून दृष्टी पुरेशी येत असेल तर हरकत नसते, पण बाजूचं दिसण्याचा आवाका आणि रंगांची ओळखही पाहिली जाते. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. एन्ड्युरन्समध्ये वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर असतात, त्यामुळे निळा झेंडा आणि निळा दिवा शर्यतभर दिसत राहतो. तो ओळखता न येणं स्वतःइतकंच इतरांनाही धोक्याचं आहे. याखेरीज हृदयाचा आलेख काढतात, आणि वय ४५ ओलांडलं की श्रम करताना हृदय कसं वागतं तेही तपासतात. फिट्सचा आजार, आधीच्या शस्त्रक्रिया, डोक्याला झालेली इजा यांची माहिती लपवू नये. पुढे अपघात झाला आणि लपवलेली गोष्ट उघड झाली तर परवान्यासोबत विम्याचा दावाही धोक्यात येतो.

आजार किंवा अपंगत्व असेल तर दार बंदच आहे, असं मात्र समजू नका. चार्ली किंबॉल याला टाइप १ मधुमेह आहे. इन्सुलिन घेत तो इंडीकार या अमेरिकी शर्यत मालिकेत उतरला आणि २०१३ साली अमेरिकेतली डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या गाडीच्या चमूत होता. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेला फ्रेदरिक सोसे २०१६ मध्ये खास बदल केलेली गाडी घेऊन ल माँमध्ये उतरला आणि त्या गाडीने शर्यत पूर्ण केली. अशा अर्जांची तपासणी वैद्यकीय समिती स्वतंत्रपणे करते. गाडीत केलेल्या बदलांना मान्यता घ्यावी लागते, आणि अपघातानंतर ड्रायव्हर स्वतःहून बाहेर पडू शकतो का हेही पाहिलं जातं. यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचे सविस्तर अहवाल आणि भरपूर आधीचा वेळ हाताशी ठेवा.

स्पर्धा परवाना

रस्त्यावर गाडी चालवण्याचा परवाना आणि शर्यतीचा परवाना यांचा एकमेकांशी संबंध नाही. शर्यतीचा परवाना देण्याचा अधिकार प्रत्येक देशातल्या एकाच संस्थेला असतो. एफआयएच्या भाषेत तिला राष्ट्रीय क्रीडा प्राधिकरण किंवा एएसएन म्हणतात. सुरुवात राष्ट्रीय परवान्याने होते. त्यासाठी झेंडे व सुरक्षा नियमांची लेखी चाचणी आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रातला ट्रॅकवरचा कोर्स सर्वसाधारणपणे लागतो.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय परवाना. यात ए, बी, सी, डी अशा श्रेणी आहेत आणि कोणती श्रेणी लागेल हे गाडीच्या वजनाला किती ताकद आहे यावर ठरतं. गाडी जितकी जोरकस, तितकी वरची श्रेणी. खालून वर जाण्यासाठी ठरावीक मुदतीत ठरावीक शर्यती पूर्ण केल्याची नोंद लागते, आणि तो आकडा परिशिष्ट ‘एल’च्या चालू वर्षाच्या प्रतीत पाहावा. जुनी प्रत डाउनलोड करून ठेवली असेल तर ती बाजूला ठेवा. नियम दरवर्षी सुधारले जातात. फॉर्म्युला वनसाठी लागणारं सुपर लायसन्स एन्ड्युरन्सच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत, म्हणजे डब्ल्यूईसीमध्ये, लागत नाही. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

वयाबद्दल सांगायचं तर या खेळात फार लवकर आणि फार उशिरा, दोन्हीकडून आत येता येतं. जॉश पिअर्सन २०२२ मध्ये ल माँमध्ये धावला तेव्हा १६ वर्षांचा होता. अल्पवयीन अर्जदाराच्या अर्जावर पालकांची लेखी संमती लागते, आणि काही देशांत ती नोटरीकडून साक्षांकित करून मागतात.

एका वेळी एकाच देशाच्या संस्थेचा परवाना ठेवता येतो. दुसऱ्या देशात राहत असाल आणि तिथला परवाना हवा असेल, तर मूळ देशाच्या संस्थेची संमती घ्यावी लागते. परदेशातल्या शर्यतीसाठीही आपल्या संस्थेचं परवानगीपत्र मागितलं जातं. कागद एका पानाचा असतो, पण तो शेवटच्या आठवड्यात मागायला गेलं की सुट्ट्या आडव्या येतात.

खरा अर्ज: ड्रायव्हर वर्गीकरण

एफआयए ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा चार दर्जांत बसवते. कारण साधं आहे. या खेळात पूर्णवेळ व्यावसायिक आणि हौशी ड्रायव्हर एकाच गाडीत बसतात. दर्जे नसते तर पैसेवाल्या टीमने तीन कसलेले व्यावसायिक बसवून प्रत्येक शर्यत नेली असती.

सुपर लायसन्स मिळवलेले, ल माँ सर्व वर्गांत मिळून पहिल्या क्रमांकाने जिंकलेले, मोटार कंपनीच्या करारावर असलेले ड्रायव्हर वरच्या दर्जांत जातात. पहिला परवाना तिशीनंतर काढलेला आणि सिंगल सीटर (फॉर्म्युला वनसारख्या एकाच आसनाच्या) गाड्यांचा फारसा अनुभव नसलेला माणूस साधारणपणे ब्राँझमध्ये बसतो. वेगवान पण अजून मोठं यश न मिळालेला तरुण सिल्व्हर. पन्नाशीनंतर वयानुसार दर्जा खाली येण्याचीही तरतूद आहे. निव्वळ निकालांवर नव्हे, तर लॅप टाइमवरही (ट्रॅकची एक फेरी मारायला लागणाऱ्या वेळेवरही) समिती नजर ठेवते.

हा दर्जा तुम्हाला नोकरी देतो किंवा घालवतो, कारण टीमची रचनाच त्यावर ठरते. डब्ल्यूईसीच्या हायपरकार या सर्वांत वेगवान वर्गात ब्राँझ ड्रायव्हरला परवानगी नाही. एलएमजीटी३ या, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांच्या, वर्गात मात्र प्रत्येक गाडीत एक ब्राँझ असलाच पाहिजे. एलएमपी२ या, खास शर्यतीसाठी बांधलेल्या, वर्गाच्या गाडीत किमान एक सिल्व्हर किंवा ब्राँझ लागतो. म्हणजे ब्राँझची जागा बहुधा स्वतःचा किंवा प्रायोजकाचा पैसा आणणाऱ्याची, प्लॅटिनमची जागा पगारी व्यावसायिकाची, आणि मधला वेगवान सिल्व्हर प्रत्येक टीमला हवा असतो. ब्राँझ म्हणजे कमी प्रतीचा ड्रायव्हर असं समजणं अन्यायाचं आहे. बेन कीटिंग हा मोटारविक्रीचा व्यवसाय सांभाळणारा ब्राँझ ड्रायव्हर. त्याने २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं ल माँचा जीटीई हौशी वर्ग (एलएमजीटी३च्या आधीचा) आणि त्याच वर्गाचं डब्ल्यूईसी विजेतेपद जिंकलं.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. ओळखीचा पुरावा, परवान्याची प्रत आणि शर्यतींची संपूर्ण कारकीर्द द्यावी लागते: वर्ष, मालिका, गाडी, टीम, शेवटचा क्रमांक. पहिला परवाना कोणत्या वर्षी मिळाला ही तारीख फार महत्त्वाची आहे, तिचा पुरावा जपून ठेवा. कार्टिंगपासूनचे निकाल, अधिकृत निकालपत्रांसह, एका फाइलमध्ये आजच गोळा करायला लागा. छोट्या मालिका बंद पडतात, त्यांच्या वेबसाइट नाहीशा होतात, आणि दहा वर्षांनी कुठला तरी निकाल सिद्ध करता येत नाही.

खालचा दर्जा मिळावा म्हणून एखादं चांगलं वर्ष गाळण्याचा मोह होतो. कृपया तसं करू नका. निकाल सार्वजनिक असतात, प्रतिस्पर्धी टीम बारकाईने पाहतात, आणि दर्जा मध्येच बदलण्याचा अधिकार समितीकडे आहे. हंगामाच्या मध्यावर सिल्व्हरचा गोल्ड झाला तर टीमचं सगळं गणित बिघडतं आणि जागा जाते, ती पुन्हा मिळेलच असं नाही. दर्जा चुकीचा वाटला तर मुदतीत, शुल्क भरून, फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्यात भावना लिहू नका. कोणत्या निकालाचा अर्थ वेगळा लावायला हवा, ती शर्यत किती गाड्यांची होती, जोडीदार कोण होता, हे पुराव्यानिशी मांडा.

माझं स्पष्ट मत आहे की करारावर सही करण्याआधी पुढच्या वर्षी आपला दर्जा काय असेल याचा अंदाज टीमशी मोकळेपणाने बोलून घ्यावा, आणि दर्जा बदलला तर काय होईल हे करारातच लिहून घ्यावं.

शर्यतीची आणि सर्किटची खास पात्रता

ल माँचा ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा आणि त्यातला बराच भाग एरवीचा सार्वजनिक रस्ता. त्यामुळे तिथे सराव सहज मिळत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या किंवा मागच्या पाच वर्षांत न धावलेल्या ड्रायव्हरला सिम्युलेटरचं प्रशिक्षण आणि चाचणीच्या दिवशी किमान १० लॅप पूर्ण करणं बंधनकारक असतं. रात्रीच्या सरावात प्रत्येक ड्रायव्हरला किमान ५ लॅप माराव्या लागतात. चाचणीच्या दिवशी गाडी बिघडली तर पहिला बळी नवख्याच्या लॅपचा जातो, म्हणून आपल्या लॅप सकाळीच उरकून घ्यायचा आग्रह टीमकडे जरूर धरावा.

जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक ट्रॅकवर तर वेगळा परमिटच लागतो. जर्मन संघटना डीएमएसबी तो देते: आधी अभ्यासक्रम, मग कमी ताकदीच्या गाडीतून ठरावीक लॅप, आणि त्यानंतरच जीटी३ सारखी गाडी. यातून कोणालाच सूट नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चार वेळचा फॉर्म्युला वन विश्वविजेता मॅक्स व्हेरस्टॅपन आधी ताकद घटवलेल्या पोर्शे केमन जीटी४ मध्ये बसला, परमिट मिळवला, आणि दोन आठवड्यांनी ख्रिस लुलहॅमसोबत फेरारी २९६ जीटी३ घेऊन तिथली शर्यत जिंकली. आपल्यासाठी काही पळवाट निघेल का असं विचारणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

गाडीतून बाहेर पडण्याची चाचणीही पात्रतेचाच भाग समजा. बंद कॉकपिटच्या गाडीतून, पट्टे बांधलेल्या अवस्थेतून, ड्रायव्हरच्या बाजूने ७ सेकंदांत आणि दुसऱ्या बाजूने ९ सेकंदांत बाहेर येता आलं पाहिजे. याचा सराव पूर्ण पोशाखात आणि हेल्मेटसकट करा.

गाडीत बसण्याच्या वेळेवरही बंधन आहे. ल माँमध्ये कोणत्याही ६ तासांत ४ तासांपेक्षा जास्त आणि संपूर्ण शर्यतीत १४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. हे गणित टीम ठेवते, पण चूक झाली तर शिक्षा गाडीला होते, म्हणून ड्रायव्हरनेही आपला हिशेब ठेवावा.

पोशाख, औषधं आणि प्रवास

हेल्मेट, मान सावरणारं हान्स उपकरण, आगरोधक सूट, आतले कपडे, हातमोजे, बूट, सगळ्यांवर एफआयएचा शिक्का हवा. सूटसाठी ८८५६-२०१८ आणि हान्ससाठी ८८५८ मालिकेचं मानक पाहा. सूटवर प्रायोजकाचं नाव शिवून घ्यायचं असेल तर ते आगरोधक धाग्यानेच, नाहीतर तपासणीत सूट नाकारला जाऊ शकतो.

डोपिंगविरोधी नियम इतर खेळांप्रमाणेच लागू आहेत. सर्दीची किंवा दम्याची साधी गोळीही बंदी असलेल्या यादीत निघू शकते. गरजेचं औषध असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधीच करा. चाचणी झाल्यावर दाखवलेली डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडत नाही.

व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र मागून घ्या. पैसे घेऊन स्पर्धेत उतरणं अनेक देशांत पर्यटनात मोडत नाही.

जवळ ठेवायची फाइल

पासपोर्ट, चालू परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रक्तगट व ॲलर्जीसह वैद्यकीय इतिहास, वर्गीकरणाचा निकाल, शर्यतींची नोंद, संस्थेचं परवानगीपत्र, परदेशातून घरी आणण्याचा खर्चही भरून देणारा विमा, औषध सवलतीचा कागद, अल्पवयीन असल्यास पालकांची संमती. मूळ प्रती स्वतःजवळ, स्कॅन केलेल्या टीम मॅनेजरकडे.

परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते, मग तो जानेवारीत काढलेला असो की ऑक्टोबरमध्ये. पुढच्या वर्षाचं वर्गीकरणही वर्षअखेरीस जाहीर होतं, आणि डेटोनाचे २४ तास जानेवारीतच असतात. त्यामुळे तपासणीची वेळ ऑक्टोबरमध्ये घ्या आणि नूतनीकरणाचा अर्ज नोव्हेंबरमध्येच टाका.