टॅब्लॉइड म्हणजे सवंग पेपर? मुळात ते कागदाचं माप

ब्रिटनमध्ये मोठ्या पानाचा पेपर गंभीर आणि छोट्या पानाचा चटकदार, हा समज आपल्याकडेही मुरला आहे. पण टॅब्लॉइड हे माप आहे. ब्रॉडशीटचं, म्हणजे मोठ्या आकाराच्या पेपरचं, पान साधारण ६०० × ३७५ मिलिमीटर, टॅब्लॉइडचं त्याच्या निम्मं. शब्द तर औषधाच्या दुकानातला: दाबून केलेल्या गोळ्यांसाठी लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने १८८४ मध्ये नोंदवलेलं व्यापारचिन्ह.

२००४ मध्ये ‘द इंडिपेंडंट’ आणि ‘द टाइम्स’ पूर्णपणे छोट्या आकारात गेले. टॅब्लॉइड म्हणवून घ्यायला लाज, म्हणून नाव ‘कॉम्पॅक्ट’! ‘गार्डियन’ने २००५ मध्ये मधला, ४७० × ३१५ मिलिमीटरचा बर्लिनर आकार निवडला आणि तिथेच घोडं अडलं. त्या मापासाठी स्वतःची खास छपाईयंत्रं घ्यावी लागली. टॅब्लॉइडला ती अडचण नाही. ब्रॉडशीटच्या एका पानाच्या जागी त्याची दोन पानं आडवी बसतात. अखेर २०१८ मध्ये ‘गार्डियन’ही टॅब्लॉइड झाला, छपाई बाहेरच्या छापखान्याकडे गेली.

उलट चटकदार म्हणून ओळखला जाणारा ‘सन’ १९६४ मध्ये निघाला तो ब्रॉडशीट म्हणून. १९६९ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांनी विकत घेतल्यावर आकसला. ‘डेली मेल’ही १९७१ पर्यंत मोठ्या पानांचाच होता.